चर्चयार्डातला तुटका दगडी क्रॉस: तो जुनाच आहे, आणि प्लीज त्याला प्रेशर वॉशर लावू देऊ नका

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमधल्या हेरेफर्डशायरमध्ये एका लहान गावात राहता, तिथल्या चर्चच्या कमिटीत आहात. चर्चच्या दक्षिणेला गवतात तीन दगडी पायऱ्या आहेत, त्यांच्यावर एक मोठा चौकोनी दगड आणि त्यात रोवलेला कमरेएवढ्या उंचीचा तुटका खांब, ज्याचं डोकं कुणीतरी सिमेंटनं लिंपून ठेवलंय. चौकोनी दगडाच्या पश्चिम बाजूला एक छोटी देवळी कोरलेली आहे. कमिटीचा बेत असा की प्रेशर वॉशरनं सगळं धुवायचं, फटी सिमेंटनं बुजवायच्या आणि वर्गणी काढून वर नवा क्रॉस बसवायचा. तुम्ही विचारताय की हे खरंच मध्ययुगीन आहे का, आणि हे काम करावं की नाही. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की पोर्चमध्ये दार अडवायला एक कोरीव दगड वापरतात, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का. त्या दगडाकडे मी शेवटी येतो, पण तोवर कृपा करून कुणालाही तो हलवू देऊ नका.

मी दगडाच्या संवर्धनाचं काम करतो. सुरुवात कोकणात जुन्या बांधकामांवर चुना मळण्यापासून झाली, आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि असे तुटके क्रॉस मी पुष्कळ हाताळलेत. तुमच्या फोटोंवरून सांगतो, हा चर्चयार्ड क्रॉसच, म्हणजे चर्चभोवतीच्या दफनभूमीच्या आवारात उभा केलेला दगडी क्रॉस आहे आणि चौदाव्या-पंधराव्या शतकातला वाटतो. असं का म्हणतो ते सांगतो, कारण कमिटीत तुम्हाला हेच पटवून द्यावं लागणार आहे.

पहिलं म्हणजे खांबाचं बूड बघा. खाली तो चौकोनी आहे आणि थोडं वर गेल्यावर चारही कोपरे कापून अष्टकोनी केलाय, आणि जिथे चौकोन संपून अष्टकोन सुरू होतो तिथे कोपऱ्यावर निमुळता पिरॅमिडसारखा तुकडा शिल्लक ठेवलाय. ही त्या काळातल्या पाथरवटांची अगदी ठरलेली पद्धत, तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या कोपऱ्यावर स्पष्ट दिसतेय. चौकोनी दगडाचे वरचे कोपरेही तसेच उतरवलेले आहेत. दुसरं म्हणजे खांब दगडावर नुसता ठेवलेला नाही, खाच करून आत उतरवलाय आणि भोवतीच्या फटीत करड्या रंगाचं काहीतरी आहे असं तुम्ही लिहिलंय, ते बहुतेक शिसं आहे. खांब खाचेत उभा करायचा, ओळंबा लावायचा आणि वितळलेलं शिसं फटीत ओतायचं. शिसं मऊ असतं, दगड थंडी-उन्हात हलला तर ते त्याच्याबरोबर थोडं हलतं आणि दगड फोडत नाही. नखानं हळूच दाबून बघा, नख उमटलं तर शिसंच. पण खरवडून काढू नका, सहाशे वर्षं त्यानंच तो खांब धरून ठेवलाय.

तिसरी गोष्ट देवळी. अशा पायाच्या दगडात देवळी असणं ही हेरेफर्डशायरची खासियत आहे, आणि ती बहुतेक वेळा पश्चिमेकडेच तोंड करून असते. पाम संडेला तिथे पवित्र भाकरीची डबी ठेवत असावेत असं एक मत आहे आणि मला ते पटतं, कारण या क्रॉसचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तोच. ईस्टरच्या आधीच्या रविवारी सगळं गाव मिरवणुकीनं चर्चला वळसा घालून निघायचं, हातात फांद्या. खजुराच्या नाहीत, त्या इथे कुठून मिळणार, यू नाहीतर विलो झाडांच्या. मिरवणूक या क्रॉसपाशी थांबायची, तिथे वाचन व्हायचं, गाणं व्हायचं आणि मग सगळे आत जायचे. जुन्या मृत्युपत्रांत याला चक्क पाम क्रॉस म्हटलेलं सापडतं, मला त्या क्रॉसजवळ पुरा असं लोक लिहून ठेवायचे. पाम संडेच्या फांद्यांवर १५४८ मध्ये बंदी आली आणि क्रॉसचं ते काम थांबलं.

आणखी एक गोष्ट आहे जी मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते. आज चर्चयार्डात तुम्हाला नावाचे एवढे दगड दिसतात ना, ते जवळपास सगळे सतराव्या शतकानंतरचे. त्याआधी साध्या माणसाला बाहेर स्वतःचा दगड मिळतच नसे, मातीत पुरलं की संपलं, काही वर्षांनी त्याच जागी दुसरं कुणीतरी. त्या सगळ्यांसाठी मिळून आवारात एकच दगड उभा असायचा, आणि तो हा. म्हणजे तुमच्या गावात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी जगून गेलेला नांगरवाला, दाई, लहानपणीच गेलेली पोरं, ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही, त्यांची बाहेर उभी असलेली खूण बघायला गेलं तर एवढीच. म्हणून कुणी याला "उरलेला खुंट" म्हटलं की मला वाईट वाटतं. आपल्याकडे देवळाच्या आवारात वीरगळ कडेला पडलेले असतात, कुणी त्यावर ऑइलपेंट फासतो, कुणी कपडे धुतो, कारण ते कशासाठी उभे केले होते हेच गाव विसरलेलं असतं, इथेही नेमकं तेच होतंय.

आता मोडला कसा. गावात विचाराल तर शंभर टक्के उत्तर मिळेल की क्रॉमवेलच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात राजाविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या सैनिकांनी तोडला. त्यात तथ्य आहे पण सरसकट नाही. पार्लमेंटनं ऑगस्ट १६४३ मध्ये हुकूम काढला होता की चर्च, चर्चयार्ड आणि उघड्यावरचे सगळे क्रॉस आणि मूर्ती १ नोव्हेंबरच्या आत काढून टाका. लंडनचा चीपसाइडचा मोठा क्रॉस तर त्याआधीच, मे महिन्यात पाडला होता. पण हेरेफर्ड युद्धाचा बराच काळ राजाच्या बाजूनं होतं, पार्लमेंटच्या हातात ते कायमचं गेलं डिसेंबर १६४५ मध्ये. त्यामुळे तुमच्या गावातला क्रॉस त्याच हुकुमानं गेला असं कागद मिळाल्याशिवाय म्हणू नका. शिवाय मूर्तिभंजन त्याच्याही आधी, सोळाव्या शतकापासून चालू होतंच. एका अंदाजानं इंग्लंडमध्ये असे उभे क्रॉस १२,००० च्या वर असावेत आणि आज मोडके-तोडके धरूनही २,००० पेक्षा कमी उरलेत. डोक्यासकट उरलेले तर अगदी मोजके. श्रॉपशायरमध्ये बिटर्लीचा आहे, तुम्हाला फार लांब नाही, लडलोच्या बाजूला, एका रविवारी जाऊन या, म्हणजे तुमचा क्रॉस अख्खा असताना कसा दिसत असेल ते कळेल. लिंकनशायरमध्ये टेनिसन कवीच्या जन्मगावी, सॉमर्सबीला, एक आहे, एका बाजूला क्रुसावरचा येशू आणि दुसऱ्या बाजूला मरिया आणि बाळ, वर छपरासारखी छोटी दगडी झाकणी.

पण सैनिकांइतकंच मोठं कारण दगडातच असतं आणि ते कुणी सांगत नाही. तुमच्याकडचा लाल सँडस्टोन थरांचा बनलेला आहे, वाळूचे थर एकावर एक बसून झालेला. खाणीत तो आडव्या थरांत मिळतो आणि एका थराची जाडी काही दहा-बारा फूट नसते. मग लांब खांब काढायचा तर तो थराच्या लांबीनं, आडवाच काढावा लागतो आणि नंतर उभा करावा लागतो. म्हणजे थर उभे झाले, पुस्तक उभं ठेवल्यावर पानं होतात तसे. वरून पाऊस थेट पानांच्या मधे शिरतो, हिवाळ्यात गोठतो, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि एकेक पान सुटत जातं. पायाचा चौकोनी दगड मात्र खाणीत होता तसाच आडवा बसवता येतो, पुस्तक टेबलावर आडवं ठेवल्यासारखा, म्हणून तो टिकतो. कुणी हातोडा न मारताही कित्येक क्रॉसचे खांब गेले आणि पाया राहिला त्याचं हे एक कारण. तुमच्या खांबाच्या उत्तर बाजूला जे पापुद्रे दिसताहेत ते हेच. त्यावर प्रेशर वॉशर मारला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको, एका दुपारात शंभर वर्षांची झीज होईल.

धुण्याबद्दल अजून एक. दगडावर जे पिवळे, करडे, पांढरे डाग आहेत त्याला कमिटी घाण म्हणतेय, ती घाण नाही, लायकेन आहे. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल असतं ना, त्याचेच भाऊबंद. ब्रिटनमध्ये यांच्या साधारण २,००० जाती आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त चर्चयार्डांमध्ये सापडल्यात, कारण शेतीची फवारणी आणि बांधकाम यांपासून वाचलेला उघडा दगड असा दुसरीकडे फारसा राहिलेलाच नाही. काही जाती वर्षाला मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत, म्हणजे हाताच्या पंज्याएवढा डाग कदाचित तुमच्या पणजोबांच्या आधीचा. ते राहू द्या. वेल चढत असेल तर बुडाशी कापून सुकू द्या, ओढून काढू नका, मुळांबरोबर दगडाचा पापुद्रा येतो. गवत कापणाऱ्याला मात्र सांगा की स्ट्रिमर पायऱ्यांना लागता कामा नये, ती नायलॉनची दोरी खालच्या पायरीची धार दर उन्हाळ्यात थोडी थोडी खाते.

आता सिमेंट, म्हणजे खरा शत्रू. एका गावात मला असाच खांब दाखवला होता, वर सिमेंटची टोपी, १९७० च्या दशकात कुणीतरी फार प्रेमानं बसवलेली. बाहेरून ठणठणीत. मी कडेला बोटानं टकटक केली तर आवाज पोकळ. बारीक छिन्नीनं तीन दिवस कणाकणानं ती टोपी उतरवली आणि शेवटचा तुकडा उचलला तर खालचा दगड ओल्या साखरेसारखा, बोट आत जात होतं. सिमेंट पाण्याला बाहेर पडू देत नाही. दगड खालून, बाजूनं पाणी पितोच, ते पाणी वर येतं, टोपीखाली अडकतं, क्षार तिथेच साठतात, त्यांचे खडे होतात आणि दगड आतून फुटतो. सिमेंट शाबूत राहतं, जातो तो दगड. त्या टोपीत एक लोखंडी सळीपण निघाली, गंजून जाडजूड झालेली, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो त्यामुळे खांबाला उभी चीर गेली होती. तुमच्याकडच्या टोपीखाली काय आहे हे मला फोटोवरून सांगता येणार नाही, पण टकटक करून बघा आणि पोकळ आवाज आला तर कमिटीला तो आवाज ऐकवा. माझ्या अनुभवात दहा पानी रिपोर्टपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

फटी भरायच्याच असतील तर चुना. साधारण १ भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चांगली दाणेदार वाळू, वाळूचा रंग दगडाशी जुळवून, आणि नियम एकच की मिश्रण दगडापेक्षा कमजोर असलं पाहिजे, म्हणजे काही जायचंच असेल तर सांधा जाईल, दगड नाही. कोकणात जुने गवंडी मला हेच सांगायचे, फक्त तिथे धो धो पावसाची भीती होती आणि इथे थंडीची. ऑक्टोबरनंतर चुन्याचं काम करू नका, पक्का होण्याआधी गोठला तर भुगा होतो. आणि वरून पाणी न लागणारं सीलर वगैरे मारा असा सल्ला कुणी देईल, आपल्याकडे मूर्तींच्या वज्रलेपावरून जसे वाद होतात तसेच इथेही होतात, माझं मत स्पष्ट आहे, उघड्यावरच्या सँडस्टोनला सीलर नको, पाणी शिरायला फट सापडतेच आणि मग बाहेर यायला वाट उरत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण कमिटीला हेच सगळ्यात लवकर कळेल. आधी नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड, म्हणजे संरक्षित वास्तूंची अधिकृत यादी, ऑनलाइन उघडा, फुकट आहे, नकाशावर तुमचं चर्च शोधा. चर्चची नोंद वेगळी असते आणि क्रॉसची वेगळी असू शकते, लोक इथेच फसतात. क्रॉस शेड्यूल्ड मॉन्युमेंट (कायद्यानं संरक्षित स्मारक) असेल तर १९७९ च्या कायद्याखाली, नुसती दुरुस्ती किंवा भर घालायलाही आधी लेखी संमती लागते, ती अर्जाची प्रक्रिया हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेमार्फत होते, आणि संमतीशिवाय काम करणं हा फौजदारी गुन्हा आहे. बहुतेक नोंदींत खालची जमीनही संरक्षित असते. ही नोंद नसली तरी चर्चयार्डात काही करायचं म्हणजे डायोसीसची (बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाची) परवानगी लागतेच, तिला फॅकल्टी म्हणतात, आर्चडीकनला, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाद्र्याला, एक फोन करून सुरुवात करा. उशीर लागतो, हो. पण त्या वाटेत एखादा जाणकार येऊन फुकट बघून जातो हा मोठा फायदा.

नव्या क्रॉसबद्दल. हे नवीन नाही, व्हिक्टोरियन काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, खूप केलं, पहिल्या महायुद्धानंतर तर कितीतरी मध्ययुगीन पायांवर नवे खांब चढवून गावाची युद्धस्मारकं केली, आणि त्यातली काही आता स्वतःच शंभर वर्षांची झालीत, त्यांनाही मान आहे. त्यामुळे ते करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या बाबतीत मी नको म्हणेन. नवं डोकं बसवायचं तर खांबाचं तुटकं टोक सपाट कापावं लागेल, भोक पाडावं लागेल, आणि ते टोकच तर पुरावा आहे. एका ठिकाणी, कॉट्सवोल्डकडच्या एका खांबाच्या टोकावर, मी संध्याकाळी टॉर्च आडवा धरून बघत होतो, दगड नुसता खडबडीत दिसत होता दिवसभर, आणि तिरप्या उजेडात अचानक चार छोटी भोकं उमटली, प्रत्येकात शिशाचा ठिपका आणि भोवती हिरवट डाग. तांब्या-पितळेचा हिरवा. म्हणजे डोकं गेल्यावर गावानं त्या खांबावर सूर्यघड्याळ बसवलं होतं, सतराव्या-अठराव्या शतकात हे बरंच चालायचं. म्हणजे मोडल्यावरही तो खांब गावाला वेळ सांगत राहिला. वर नवा क्रॉस बसला असता तर ही अख्खी गोष्ट ग्राइंडरखाली गेली असती. तुमच्या सिमेंटखालीही असं काही असू शकतं, म्हणून ती टोपी काढायची वेळ आली तर अनुभवी माणसाकडूनच काढून घ्या. वर्गणी त्यासाठी वापरा, आणि उरली तर पायऱ्यांचे सांधे चुन्यानं भरायला. पायऱ्या तीन दिसतात पण पुरणं चालू राहिल्यामुळे चर्चयार्डाची जमीन शतकानुशतकं वर येत जाते, खाली चौथी असू शकेल, पण ती बघायला म्हणून खोदू नका.

आता पोर्चमधला दगड. ग्लॉस्टरशायरमध्ये अँपनी क्रूसिस म्हणून गाव आहे, तिथल्या क्रॉसचं डोकं एकोणिसाव्या शतकात चर्चच्याच भिंतीत चिणलेलं सापडलं आणि परत खांबावर चढवलं. बहुतेक कुणीतरी लपवून ठेवलं असावं. म्हणून मी चर्चमधल्या सुट्या कोरीव दगडांकडे कधीच नुसतं बघून पुढे जात नाही, जिन्याखाली, भिंतीत, शेजारच्या बागेत, फाटकाच्या खांबात, कुठेही निघतात. तुमचा दगड खिडकीच्या नक्षीचा तुकडाही असू शकतो, तसे तुकडे जास्त असतात. फरक असा ओळखा. खिडकीच्या तुकड्याला काच बसवायची सरळ खोबण असते आणि एक बाजू दुसरीचा आरसा असते. क्रॉसच्या डोक्याला खोबण नसते, दोन किंवा चारही बाजूंना आकृत्या असतात, वर उतरतं छप्पर किंवा त्रिकोणी कमान असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या बाजूला मधोमध खांबावर बसवायचं चौकोनी भोक किंवा तुटलेला खुंट असतो. खांब वर निमुळता होत जातो, त्यामुळे डोक्याच्या बुडातल्या त्या भोकाचं किंवा खुंटाचं माप तुमच्या तुटक्या टोकापेक्षा थोडं कमीच असेल, जास्त निघालं तर तो दुसऱ्या कशाचा तरी तुकडा. कपड्यांच्या चुण्यांमधे, हाताच्या मागे, जिथे पाऊस पोचत नाही तिथे भिंगानं लाल-हिरव्या रंगाचे कण शोधा, हे क्रॉस रंगवलेले असायचे. म्हणूनच ब्रश आणि पाणी नको म्हणतोय.

दाराला दुसरं काहीतरी लावा. दगड होता तिथे, दोन्ही अंगांनी आणि वरून, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा, मग आर्चडीकनशी बोलून, दोघांनी मिळून, दोरी न बांधता उचलून आत कोरड्या कोपऱ्यात लाकडी फळीवर ठेवा, हीटरपासून लांब. उचलताना खालची बाजू दिसेल तेव्हा टॉर्च आडवा धरून तिचाही एक फोटो घ्या आणि तो मला आधी पाठवा.